पहिला सरडा महत्त्वाचा!

ब्लेंडरमध्ये एक सरडा मॉडेल करायचा, त्याला ॲरे मॉडिफायर लावायचा आणि आकडा टाकायचा १००. क्षणात शंभर सरडे तयार! पण जरा झूम करून बघा. दोन सरड्यांमध्ये फट राहिलेली असते, नाहीतर एकाचं शेपूट दुसऱ्याच्या पोटात घुसलेलं असतं. कॉप्या सॉफ्टवेअर काढतं. फट न ठेवता बसेल असा पहिला सरडा मात्र आपल्यालाच शोधावा लागतो. हा शोध ज्यानं आयुष्यभर कागद-पेन्सिल घेऊन केला, तो डच चित्रकार म्हणजे मॉरिट्स कॉर्नेलिस एशर.

त्याचा जन्म १७ जून १८९८ चा, नेदरलँड्समधल्या लेवार्डनचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलाची चित्रकला सोडली तर शाळेत बोंबच. शेवटच्या परीक्षेत तर तो चक्क नापास झाला. १९१९ मध्ये हार्लेमला आर्किटेक्चर शिकायला गेला. तिथले ग्राफिक आर्टचे शिक्षक सॅम्युएल डी मेस्किटा यांनी त्याची चित्रं पाहिली आणि थोड्याच दिवसांत एशरनं लाइन बदलली. लाकडावर कोरून छापे काढायला तो त्यांच्याकडेच शिकला.

पुढे तो इटलीत राहिला, जेट्टाशी लग्न केलं, डोंगरातली गावं चितारली. फॅसिस्ट राजवटीला कंटाळून १९३५ मध्ये त्यानं इटली सोडली. १९३६ मध्ये दोघं स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात गेले आणि भिंतींवरच्या टाइल्सचे नमुने उतरवून घेत बसले. त्या टाइल्सवर होत्या फक्त भौमितिक आकृत्या. एशरला त्याच नियमानं मासे, पक्षी, सरडे बसवायचे होते.

युक्ती ऐकायला सोपी आहे. चौकोनाच्या डाव्या बाजूनं एक तुकडा कापा आणि तसाच सरकवून उजव्या बाजूला जोडा. क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि कडा आपोआप जुळतात. पण त्या कडेतून एकाच वेळी एका माशाची पाठ आणि शेजारच्याचं पोट निघायला हवं. खरी कसोटी तिथं! भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या भावानं त्याला स्फटिकांवरच्या संशोधनाची वाट दाखवली. त्यात जॉर्ज पोल्या या गणितज्ञाचा लेख होता: सपाट पृष्ठावर नक्षी पुन्हापुन्हा मांडायच्या एकूण १७ पद्धती. लेखातलं गणित एशरच्या डोक्यावरून गेलं. त्यानं फक्त आकृत्या गिरवल्या आणि स्वतःचे नियम वहीत मांडले. अशी १३७ क्रमांकित चित्रं त्यानं केली.

त्याच काळात युद्ध पेटलं. १९४४ मध्ये ज्यू असलेल्या डी मेस्किटांना नाझींनी कुटुंबासह उचललं आणि ऑशविट्झमध्ये मारलं. त्यांच्या रिकाम्या घरात विखुरलेली चित्रं एशरनं वाचवली. १९४६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ज्यांनी वाट दाखवली, त्यांचं काम त्यानं पुसू दिलं नाही.

सपाट कागदावर त्याचं समाधान होत नव्हतं. १९४३ च्या चित्रात त्याचे सरडे वहीतून बाहेर येतात, पुस्तकांवर चढतात आणि पुन्हा नक्षीत शिरतात. लाकडाच्या गोळ्यावर त्यानं एकमेकांत बसणारे मासे कोरले. हे अवघड का? सपाट नक्षी स्फिअरवर गुंडाळून बघा, वरच्या आणि खालच्या टोकाला ती आक्रसते. गोळ्यासाठी मांडणीच नव्यानं करावी लागते. १९६३ मध्ये एका डच कंपनीसाठी त्यानं वीस त्रिकोणी बाजूंचा पत्र्याचा डबा शंख आणि स्टारफिशनं सजवला.

१९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरचे गणितज्ञ जमले आणि त्यांनी त्याचं प्रदर्शन डोक्यावर घेतलं. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरनं अल्बमसाठी चित्र मागितलं, तेही पहिल्या नावानं हाक मारून. एशरनं चित्र नाकारलंच, वर नावाबद्दलही सुनावलं! त्याच वर्षी त्यानं सापांचं शेवटचं चित्र कोरलं. २७ मार्च १९७२ ला तो गेला.

ॲरेमधला आकडा शंभरचा हजार करायला आज काहीच लागत नाही. पण पहिल्या सरड्याची कड चुकली, तर चूकही हजारदा छापली जाते. म्हणून मॉडिफायर लावण्याआधी एकदा कागदाचा चौकोन कापून बघाच.