व्हायोलेट कार्सन

इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. तेथील अँकोट्स या कामगारवस्तीच्या भागात १ सप्टेंबर १८९८ रोजी व्हायोलेट कार्सन यांचा जन्म झाला. त्या काळी चित्रपट मुके असत. पडद्यावर घोडे दौडू लागले की पडद्याजवळ बसलेल्या वादकाने पियानोवर टापांचा ताल धरावयाचा, नायिका रडू लागली की करुण स्वर छेडावयाचे, असा प्रघात होता. तरुण व्हायोलेट हेच काम करीत असत. दुसऱ्याच्या सुखदुःखाशी सूर जुळविण्याचे हे शिक्षण काही लहानसहान नव्हे!

१९२६ साली त्यांचा विवाह झाला. पण दोनच वर्षांत पती निवर्तले. त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पियानो आणि गोड गळा हीच त्यांची मिळकत. पुढे बी. बी. सी. च्या नभोवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमात त्या गाऊ लागल्या आणि घरोघरची मुले त्यांना ‘व्हाय मावशी’ म्हणून ओळखू लागली.

त्याच कार्यक्रमात टोनी वॉरन नावाचा एक मुलगा बालनट म्हणून येत असे. त्याच्या दंग्याला कंटाळून कार्सनबाईंनी एकदा त्याला चोप देण्याची धमकी दिली होती. हा मुलगा मोठा होऊन लेखक झाला. ग्रॅनाडा या दूरचित्रवाणी संस्थेसाठी त्याने ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका रचली, तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. मालिकेत एना शार्पल्स नावाची फटकळ म्हातारी होती. त्या भूमिकेसाठी अनेक नट्या पाहिल्या, पण एकही मनास येईना. ती भूमिकाच गाळावी की काय, असा विचार सुरू झाला. तेव्हा वॉरनला बालपणीची ती धमकी आठवली!

९ डिसेंबर १९६० रोजी मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. केसांवर घट्ट जाळी, अंगात जाड कोट आणि कपाळाला आठी अशा वेशात कार्सनबाई लोकांपुढे आल्या. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना अशी कीर्ती लाभली, की त्यांचे खरे नाव मागे पडले. लोक त्यांना एनाच समजत. हे वैभव मोठे खरे, पण ते स्वस्त नव्हते. आयुष्यभर संगीताची सेवा केलेल्या या सुसंस्कृत स्त्रीला, एनाने आपल्याला गिळून टाकले याची खंत वाटे. तरीही त्यांनी भूमिकेत कधी कसूर केली नाही. १९६५ मध्ये त्यांना ओ. बी. ई. हा किताब मिळाला.

प्रकृती ढासळल्यावर १९८० साली त्या मालिकेतून निवृत्त झाल्या. २६ डिसेंबर १९८३ रोजी समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच फिकट नारिंगी-गुलाबी रंगाच्या एका नव्या गुलाबाला त्यांचे नाव देण्यात आले होते. त्या गुलाबाचे नाव मात्र एना शार्पल्स नव्हे. ते आहे व्हायोलेट कार्सन.