बालशिक्षिका ताराबाई मोडक

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेंत, जिचा आपल्या मंडळीशीं कांहींएक संबंध नव्हता अशा बाईचें चरित्र कशासाठीं, असें एखादा वाचक विचारील. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानांतून पायवाटेनें एखाद्या टोल्यावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकास जो प्रश्न पडतो, कीं मूल शाळेंत येतच नाहीं तर करावें काय, तोच प्रश्न ताराबाईंनीं ऐंशी वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका रानांत हातीं घेतला होता. म्हणून हें चरित्र.

ताराबाई १८९२ सालीं मुंबईस केळकरांच्या घरीं जन्मल्या. आईबाप प्रार्थनासमाजाचे, मुलींनीं शिकावें कीं नाहीं हा त्या घरांत वादाचा विषय नव्हता. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. पुढें विवाह होऊन त्या अमरावतीस आल्या, म्हणजे कांहीं काळ त्या आपल्या शेजारच्या वऱ्हाडांत राहिल्या. यजमान वकील होते. तो संसार टिकला नाहीं. लहानग्या मुलीस घेऊन त्या राजकोटास गेल्या व तेथील स्त्री-शिक्षिकांच्या विद्यालयाच्या मुख्य झाल्या. एकट्या स्त्रीस त्या काळीं असें मानाचें स्थान मिळणें सोपें नव्हतें. तरीही १९२३ सालीं तें सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत आल्या. गिजुभाईंनींही वकिली सोडून हें काम पत्करलें होतें. दोघांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार उघडून मराठी मुलांसाठीं तेंच कार्य सुरू केलें.

ज्या पद्धतीवर हें सारें उभें होतें तिची जननी म्हणजे इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी. १९०७ सालीं ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहराच्या सान लोरेन्झो या कंगाल वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें चाळीच्या जिन्यांत धुडगूस घालीत; त्या मुलांसाठीं तें होतें. लांकडी ठोकळ्यांत लहानमोठ्या दट्ट्या बसवावयाच्या. एक चुकीच्या भोकांत गेली कीं शेवटीं एक उरते, आणि बाईंनीं न सांगतां मुलास आपली चूक कळते. मारणें नाहीं, बक्षीसही नाहीं.

पण झालें असें कीं, गरिबांच्या मुलांपासून निघालेली ही पद्धत हिंदुस्थानांत आली ती बहुधा सुखवस्तु घरांत. तें लांकडी साहित्य महाग. १९३१ सालीं लंडन येथें गांधीजी व माँटेसरीबाई यांची भेट झाली, तेव्हांही हें शिक्षण खेड्यांतल्या दरिद्री मुलांपर्यंत जावें हीच गांधीजींची तळमळ होती. ताराबाईंसही ही गोष्ट टोंचत होती. त्यांचें मोठेपण आम्हांस दिसतें तें येथून पुढें. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, नांवलौकिक मिळाल्यानंतर, १९४५ च्या डिसेंबरांत त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत (आतां पालघर) समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. त्याच वर्षीं त्याच मुलुखांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. हाताशीं आल्या अनुताई वाघ, स्वतः बालविधवा, ताराबाईंहून अठरा वर्षांनीं लहान.

बालवाडी उघडली, पण मुलें येईनात. तेव्हां बाईच वस्तींत जाऊं लागल्या. ज्या अंगणांत चार पोरें खेळत असतील तेथेंच बसावयाचें, त्यांचे हातपाय धुवावयाचे, केंस विंचरावयाचे, गाणें म्हणावयाचें, गोष्ट सांगावयाची. हीच अंगणवाडी. दट्ट्यांच्या जागीं शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानें, फुलें. रानांत विकत कांहीं घ्यावें लागत नाहीं.

कोणी म्हणतील, मग तें माँटेसरीचें राहिलें काय? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. दट्टी मुलाची चूक आपणच दाखविते; खडे लहानमोठे मांडतांना चुकलें तर तसें कोणी दाखवीत नाहीं. म्हणजे साहित्य जेवढें स्वस्त तेवढी शिक्षिकेची नजर अधिक तयार हवी. आमच्या मतें यामुळेंच ताराबाईंनीं शिक्षिका घडविण्यावर एवढा भर दिला.

पुढें १९५७ च्या सुमारास केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर वारल्यांच्या वस्तींत गेलें. तेथें आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. मोठी मुलगी शाळेंत येत नाहीं, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असतें. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं केलीं. ताईनें तान्हें पाळण्यांत ठेवावें आणि वर्गांत बसावें. गुरें राखणारीं मुलें तरीही राहिलीं. त्यांच्यासाठीं शिक्षिका कुरणांत गेली, ती कुरणशाळा.

मोहाच्या दिवसांत आपल्याकडील टोले पहाटेच कसे रिकामे होतात व मागें कोण कोणास सांभाळतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें मोल निराळें सांगावयास नको. आपल्याकडील काम मात्र एका बाबतींत अधिक बिकट आहे. वारल्यांची बोली मराठीस जवळची. भामरागडच्या माडिया मुलास मराठी ही सर्वस्वीं परकी भाषा. तेथें शिक्षिकेनें अंगणांत जाऊन बसणें पुरत नाहीं, तिला आधीं मुलाची बोली शिकावी लागते.

१९६२ सालीं सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण दिलें. १९७३ सालीं त्या वारल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं आपल्या रानांत हेमलकसा येथें लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि १९७५ च्या २ ऑक्टोबरास केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली. तिच्या केंद्रास अंगणवाडी हेंच नांव मिळालें. कोसबाडच्या टेकडीवर अनुताई १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत काम करीत राहिल्या.