फाळके, वाटाण्याचं रोप आणि माझा ट्रायपॉड

मागच्या दिवाळीत मी शेलूबाजारला घरी गेले, तेव्हा बॅगेत मामाने दिलेला जुना डीएसएलआर कॅमेरा होता आणि डोक्यात लेन्सेसची भली मोठी यादी! कॅमेऱ्यासोबत १८-५५ ची साधी किट लेन्स होती. पण मला तर लँडस्केप फोटोग्राफर व्हायचं होतं ना! मग कुणी सांगितलं, १०-१८ ची वाइड अँगल घे, नाहीतर आकाश मावणारच नाही. कुणी म्हणालं, ७०-३०० शिवाय लांबचे डोंगर येणार नाहीत. कुणी म्हणालं, ट्रायपॉड घेशील तर कार्बन फायबरचाच घे. सगळ्याची बेरीज केली तर आकडा एका सेमिस्टरच्या फीजवळ गेला.

तो कागद मी बाबांना दाखवला नाही. आईला दाखवला. आई म्हणाली, माझी भिशी लागली की देते. सोयाबीनचा भाव पडलेला होता, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी लगेच हो म्हणून मोकळी झाले.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आले आणि लायब्ररीत दादासाहेब फाळक्यांचं एक चरित्र हाती लागलं. खरं सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. माझ्यासाठी फाळके म्हणजे जनरल नॉलेजचं एका मार्काचं उत्तर. भारतीय सिनेमाचे जनक कोण? दादासाहेब फाळके. संपलं! सिनेमाच्या कितीतरी आधी हा माणूस कॅमेरा घेऊन गावात दुकान मांडून बसलेला फोटोग्राफर होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मराठी पुस्तक वाचायला मला जरा वेळ लागतो, पण हे मी चार दिवसांत संपवलं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलानेही पौरोहित्य शिकावं अशी घरची रीत. पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला तर शिकलेच, आणि १८९० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा घेतला. मग फोटो काढणं, ते धुणं, छापणं, ब्लॉक बनवणं, जे जे शिकण्यासारखं होतं ते सगळं शिकून घेतलं. कलाभवनाचे प्रमुख प्रोफेसर गज्जर यांनी त्यांना तिथला स्टुडिओ वापरू दिला.

मित्रांनो, तेव्हाचा कॅमेरा म्हणजे काय, याची जरा कल्पना करा. लाकडाची पेटी, मागे काचेची प्लेट, डोक्यावर काळं कापड. एका प्लेटवर एकच फोटो. चुकला की प्लेट गेली, पैसे गेले. मी दिवाळीत एका सकाळी तुरीच्या शेताचे दोनशे सत्तर फोटो काढले होते. त्यातले ठेवण्यासारखे निघाले चार, आणि तेही हललेले!

पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. सगळं सोडून ते बडोद्याला आले, पुन्हा स्टुडिओ मांडला. पण कॅमेऱ्यासमोर बसलं की अंगातली शक्ती ओढली जाते आणि माणूस लवकर मरतो, अशी अफवा लोकांत पसरलेली. गिऱ्हाइकं येईनात. मग माणसाने काय करावं? त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकली आणि प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. केल्फा म्हणजे फाळके उलटे वाचा!

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या बाईंचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. चांगली सरकारी नोकरी! ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचं काम सुरू केलं. राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम केलं. मुंबईत भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स काढलं, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रं आणली. आणि मग भागीदारांशी पटलं नाही म्हणून तेही सोडलं. चाळिशी आलेली, पदरात मुलं, हातात काही नाही.

अशा वेळी १९१०-११ च्या सुमारास ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट बघायला गेले. बाकीचे लोक ख्रिस्त बघत होते. फाळक्यांना त्या जागी राम आणि कृष्ण दिसायला लागले. मग त्यांनी सरस्वतीबाईंनाही नेऊन तो सिनेमा दाखवला आणि ही चित्रं हलतात कशी हे समजावून सांगितलं.

यानंतर त्यांनी जे केलं, ते आम्हा इंजिनिअरिंगच्या मुलांनी वाचावंच. एक छोटं यंत्र आणि काही रिळं आणून ते घरी रात्री प्रयोग करत बसले. मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्र पाडायचं. दिवसा तासन् तास थिएटरमध्ये, रात्री भिंतीसमोर. झोप नाही. इतका ताण पडला की डोळ्यांनी दिसेनासं झालं! डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली, पण पुढे कामासाठी वेगवेगळे चष्मे लागत. डोळे परत आल्यावर माणूस शहाणा होईल ना? नाही. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली.

लंडनला ते बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. तिथले संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका म्हणून समजावलं, पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर मदतही केली. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत सगळं काम बघायला मिळालं. मग फाळक्यांनी सुमारे ५० पौंडांना एक विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. दोन महिन्यांत परत.

इथे मी पुस्तक मिटून माझी यादी काढली. तीन लेन्सेस, एक बॅग, दोन फिल्टर, एक ट्रायपॉड. आणि या माणसाने घरदार पणाला लावून काय आणलं? हाताने दांडी फिरवायची एक लाकडी पेटी. झूम वगैरे नाहीच. जवळचं हवं तर कॅमेरा उचलून जवळ न्यायचा, लांबचं हवं तर मागे जायचं. तेव्हाच्या कॅमेऱ्यात दांडी सेकंदाला दोन वेळा फिरवायची, एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सोळा. उजवा हात सतत फिरतोय म्हटल्यावर तिवई पक्की नसेल तर प्रत्येक फ्रेम हलणार. म्हणजे त्यांच्यासाठी ट्रायपॉड चैनीची वस्तू नव्हतीच, तो कॅमेऱ्याचाच अर्धा भाग होता.

परत आल्यावर पैसे द्यायला कोण तयार होणार? म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोप उगवून वाढेपर्यंत दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. अंकुराची वाढ! आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो, ते १९१२ मध्ये दादरच्या एका घरात. गणित करून बघा. सेकंदाला सोळा म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला ९६० फ्रेम. इतक्या दिवसांत मुलांनी खेळता खेळता कॅमेऱ्याला एकदा धक्का दिला असता, तरी पडद्यावर रोपाने उडी मारली असती. घरात मुलं, स्वयंपाक, पाहुणे, आणि मध्ये एक कुंडी आणि एक कॅमेरा, जागचा न हललेला. ती फिल्म बघून लोकांनी कर्ज दिलं.

तेही पुरलं नाही. मग सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला दिले. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी फक्त दागिने दिले नाहीत. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं काम अंधारात बसून त्या करायच्या. रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परावर्तित करायच्या आणि घरात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या! तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. ३७०० फुटांचा चित्रपट, सात महिन्यांच्या आत तयार.

पुढचं थोडक्यात. लंकादहन (१९१७) इतका चालला की नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या असं सांगतात. कालिया मर्दनमध्ये (१९१९) त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पौराणिक चित्रपटांच्या जोडीला त्यांनी नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या देखाव्यांच्या छोट्या फिल्म्सही घेतल्या. जिथे जन्मले, तिथलीच नदी आणि तिथलेच डोंगर! १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली, भागीदारांशी पुन्हा बिनसलं, मध्ये काही काळ काशीला जाऊन राहिले, परत आले. मग बोलपट आले आणि जमाना बदलला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा जवळ फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

मी हे वाचून भारावून गेले, हे तर झालंच. पण एक गोष्ट मनात टोचत राहिली. फाळक्यांचं वेड मोठं होतं, आणि त्या वेडाचं बिल घरातल्या बाईने भरलं. मात्र त्या वाटेत त्याही होत्या, त्यांना कॅमेरा उघडून दाखवलेला होता, काम माहीत होतं. मी माझ्या आईला काय दाखवलं होतं? फक्त किमतीचा कागद.

रात्री फोन करून आईला सांगितलं, भिशीचे पैसे राहू दे. मग मी माझ्याजवळच्या पैशांतून एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड घेतला. नवीन मुलांसाठी थोडं सांगते. कॅमेरा आणि लेन्सच्या वजनाच्या निदान दुप्पट भार पेलणारा बघा. पायांना जोड जितके कमी, तितका तो स्थिर. मधला दांडा वर न काढता डोळ्यापर्यंत आला तर उत्तम, कारण दांडा वर काढला की हलतो. वारा असेल तर खाली बॅग लटकवा. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ १०० ठेवा. आणि लेन्स? एफ/८ ते एफ/११ वर साधी किट लेन्ससुद्धा छान धारदार चित्र देते. १८ वर सगळं शिवार येतं, ५५ वर शिवारातलं एकटं झाड. आधी वर्षभर याच दोन टोकांमध्ये फिरून बघा, मग आपल्याला नक्की काय कमी पडतंय ते आपोआप कळतं.

मला काय कमी पडत होतं, तेही कळलं. आमच्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. काम चालू होतं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गच्चीवरून आधी नुसती शेतं दिसायची, मग मातीचे ढीग आणि डंपर दिसायला लागले, आणि आता रात्री दिव्यांची रांग दिसते. माझ्या डोळ्यांसमोर एवढं सगळं बदललं आणि माझ्याकडे आधीचा एकही फोटो नाही! तेव्हा कुठे होती माझी वाइड अँगल? मोबाइल तर घरात होताच की.

आता मी गच्चीवर खडूने तीन खुणा केल्यात, ट्रायपॉडच्या तीन पायांच्या. घरी गेले की पहाटे त्याच खुणांवर ट्रायपॉड, तीच लेन्स, तोच कोन, एक फोटो. आतापर्यंत सहा झाले. दिवाळीला तूर हिरवी होती, मग पिवळ्या फुलांची, मग कापून रिकामं रान. मागच्या वेळी पावसाने खडू पुसला, तर आईने तिथे ऑइल पेंटचे ठिपके काढून ठेवले होते, मला न सांगता. व्ह्यूफाइंडरमधून तिने बघितलंही. आणि म्हणाली, डावीकडची विजेची तार काढ ना फ्रेममधून.

बरोबर होतं तिचं. पण खुणा आता हलवता येत नाहीत. तार राहू दिली.