सेल्फ मारताय? थांबा, आधी बॉस केटला भेटा

डिसेंबरातली सकाळ आहे आणि साडेसातला प्रॅक्टिकल. मामाने घरचाच भाव लावून दिलेल्या दहा वर्षं जुन्या गाडीत तुम्ही रुबाबात बसता आणि किल्ली फिरवता. बॉनेटखालून आवाज येतो तो म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा: घ्यँ... घ्यँ... घ्यँ... पुढे काही नाही. तुम्ही पुन्हा मारता, घ्यँ आणखी लांबतो. तोवर वॉचमनकाका येऊन बॅटरी गेली असं जाहीर करतात, रूममेट पेट्रोल पंपाला शिव्या घालतो आणि तिसरा बाह्या सरसावून धक्का मारायला तयार होतो. सगळ्यांकडे उत्तर आहे, पण बॉनेट अजून कोणी उघडलेलं नाही.

गॅरेजवाला याला म्हणेल, सेल्फ उचलत नाहीये. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर, गाडीने स्वतःच स्वतःला सुरू करायची सोय. तिच्यामागे एक माणूस आहे, आणि त्याची गोष्ट माहीत असेल तर बॉनेट उघडल्यावर कुठे बघायचं तेही बरंचसं कळतं.

चार्ल्स केटरिंग १८७६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर जन्मला. पोरगा हुशार, पण डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. आधी त्याने एका खोलीच्या शाळेत मास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज सुटलं. हा गडी टेलिफोन कंपनीच्या लाइनवर खड्डे खणायला, खांब उभारायला गेला. उघड्या हवेत तब्येत सुधारली, तसा परत कॉलेजात आला. पुस्तकं रूममेट मोठ्याने वाचायचे, हा ऐकायचा. १९०४ मध्ये पदवी मिळाली तेव्हा वय सत्तावीस होतं. तुमच्यापैकी कोणाचं इयर डाउन झालं असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

नोकरी लागली डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याचं ते यंत्र तेव्हा हाताने दांडा ओढून चालवायचं. त्याला विजेची मोटर लावायचं काम केटरिंगकडे आलं. अडचण अशी की लागणाऱ्या ताकदीची मोटर गल्ल्यापेक्षा अवजड व्हायची. इथे त्याने एक साधी गोष्ट पाहिली. पंख्याची मोटर दिवसभर फिरते, गल्ल्याची मोटर मात्र एखादा सेकंद फिरते आणि मग गप्प बसते. सतत चालवली तर जळेल इतका भार एका छोट्या मोटरवर क्षणभर टाकला तर ती जळत नाही. तापायच्या आत काम संपलेलं असतं. १९०६ पर्यंत विजेवरचा गल्ला तयार झाला.

ही कल्पना नीट धरून ठेवा, कारण तुमच्या गाडीतली सेल्फची मोटर त्याच जातीची आहे. म्हणूनच ती सलग दाबून ठेवायची नसते. पाच-सात सेकंद मारा, मग अर्धा-एक मिनिट थांबा. तुम्ही मघाशी जो लांबलचक घ्यँ काढलात, त्याने बॅटरीही गेली आणि मोटरही तापली.

कंपनीतला त्याचा वरिष्ठ एडवर्ड डीड्स हा गाड्यांचा शौकीन. डीड्सच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात दोघे आणि कंपनीतले काही सहकारी नोकरी सांभाळून रात्री काम करायचे. तिथेच १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली. पहिलं मोठं काम होतं इग्निशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडण्याचं. ते कॅडिलॅक कंपनीने घेतलं. ऑटोमोबाइलवाल्यांनो, तुमच्या पुस्तकात ‘केटरिंग इग्निशन’ म्हणून जी आकृती आहे ती हीच.

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारणारे आजोबा पाहिले असतील तर त्यांचा अंगठा आठवा. तो हँडलभोवती नसतो, बोटांच्याच बाजूला असतो. कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं. पेट्रोल गाडीत पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडली की हे व्हायचं. मनगटाची हाडं इतकी मोडायची की त्या फ्रॅक्चरला डॉक्टर अजूनही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. मेडिकलच्या मंडळींना हे ठाऊक असेल.

बायरन कार्टर नावाच्या मोटार कारखानदाराची कथा इथे नेहमी सांगितली जाते. रस्त्यात बंद पडलेली एका बाईंची गाडी सुरू करून द्यायला तो उतरला, हँडल उलटं येऊन जबड्यावर बसलं आणि त्या दुखण्यातच तो गेला. तपशिलांवरून इतिहासकारांत वाद आहेत, कथा थोडी रंगवलेली वाटते. पण कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हँडल नकोसं झालं होतं आणि त्यांनी केटरिंगला गाठलं, एवढं खरं.

जाणकारांचं गणित सांगत होतं की इंजिन फिरवायला लागणारी मोटर आणि बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंगने गल्ला आठवला. इथेही काम क्षणभराचंच होतं. छोटी मोटर, छोट्या दात्यांतून मोठ्या चाकाला दिलेला रेटा आणि क्षणापुरता प्रचंड करंट. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट्या भूमिकेत जनरेटर होऊन बॅटरी भरायची. सुरू करताना चोवीस व्होल्ट आणि एरवी सहा, असा बॅटऱ्यांच्या जोडणीचा खेळही होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ कंपनीकडूनच बसून येऊ लागला.

आणि एक गंमत बघा. त्या काळात विजेवर चालणाऱ्या गाड्या जोरात होत्या, कारण त्यांना हँडल मारावं लागत नसे. विजेच्याच एका मोटरने पेट्रोल गाडीची ती कटकट संपवली आणि इलेक्ट्रिक गाड्या मागे पडल्या. आता त्या परत येताहेत.

बरं, आता तुमचं बॉनेट उघडा.

सेल्फ मारताना छोटी पेट्रोल गाडीही शंभर-दीडशे अँपिअर ओढते. बारावीतला ओहमचा नियम इथे कामाला येतो. वाटेत कुठे गंज चढला आणि ०.०२ ओहम इतकाच अडथळा आला, तर दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच गायब होतात. बारातले तीन गेल्यावर मोटर रखडणारच. पण हेडलाइट जेमतेम नऊ-दहा अँपिअर घेतात. त्याच गंजातून त्यांचे ०.२ व्होल्ट जातात आणि दिवे मस्त लागतात. म्हणून दिवे लागतात म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक, हा निष्कर्ष कच्चा आहे.

खरी परीक्षा दिवे चालू ठेवून सेल्फ मारण्याची आहे. दिवे पार मंदावले तर बॅटरी दमली आहे किंवा तिच्या टर्मिनलवरच गंज आहे. क्वचित इंजिन किंवा मोटर आतून अडकून फार करंट ओढत असते. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ मात्र रखडला, तर मोटरकडे जाणाऱ्या वाटेवर बघा. जाड केबल, तिचे नट आणि इंजिनातून बॉडीला किंवा बॅटरीच्या मायनसला येणारी अर्थिंगची पट्टी. ही पट्टी खाली चिखलात असते, कुणी तिच्याकडे बघत नाही, आणि जुन्या गाडीत अनेकदा तीच खाल्लेली निघते.

कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसला साधा मल्टिमीटर मिळाला तर उत्तमच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही घसरली तर वॉचमनकाका बरोबर होते. न घसरता मोटर रखडत असेल, तर मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, तुमचे हात पंख्या-पट्ट्यापासून लांब, आणि मित्र आत बसून सेल्फ मारतोय. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर चोर सापडला. प्लसच्या बाजूनेही असंच बघता येतं. दोन्ही वाटा साफ आणि बॅटरी दमदार असेल, तेव्हाच मोटर उतरवून तिचे कार्बन आणि बुश बघायचे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. आधी नवी बॅटरी, मग नवा सेल्फ, आणि शेवटी शेदोनशे रुपयांची पट्टी.

मग इंजिन मुळीच पेट का घेत नाही? कारण ठिणगी आणि मोटर एकाच ताटात जेवतात. दोन्ही केटरिंगनेच एका बॅटरीवर बसवल्या. मोटर अधाशासारखं ओढते तेव्हा ठिणगीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि आजच्या गाड्यांत कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंपही त्याच ताटात जेवायला बसलेले असतात. म्हणून सेल्फ जड असताना पेट्रोलला किंवा प्लगला दोष देऊ नका.

पुढे डेल्को जनरल मोटर्सकडे गेली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथला संशोधनप्रमुख होता. लोक त्याला बॉस केट म्हणत. सगळंच जमलं असं नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेव्हर्ले १९२३ मध्ये आली आणि इतकी फसली की कंपनीने गाड्या परत मागवल्या. त्याने राजीनामाही देऊ केला होता. डिझेल रेल्वे इंजिन मात्र त्याच्या तालमीत घडलं. आपल्याकडे मालगाड्या ओढणारी डब्ल्यूडीजी-४ इंजिनं त्याच घराण्यातल्या ईएमडी कंपनीच्या तंत्रावर बनली.

पण त्याच्या आयुष्यातला एक भाग वगळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. त्या काळच्या इंजिनांत ठकठक व्हायची, नॉकिंग. दोष केटरिंगच्या इग्निशनवर यायचा. त्याने आणि त्याचा सहकारी थॉमस मिजली याने शोध घेतला, तर गुन्हेगार इंधन निघालं. इथपर्यंत उत्तम. मग इंधनात घालायला काहीतरी हवं होतं. अल्कोहोलने नॉकिंग थांबतं हे त्यांना माहीत होतं, ज्याला आज आपण उसाच्या पट्ट्यात इथेनॉल म्हणतो तेच. पण १९२१ च्या डिसेंबरात मिजलीला शिशाचं एक संयुग सापडलं. चिमूटभर घातलं की इंजिन शांत. शिसं विषारी असतं हे तेव्हा कुणाला नवं नव्हतं. तरी १९२४ मध्ये कंपनी निघाली, पहिला अध्यक्ष केटरिंग, आणि बाजारातलं नाव ‘एथिल’. शिशाचा त्या नावात उल्लेखच नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पेट्रोलमधलं शिसं पुढे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरलं. भारतातून ते गेलं २००० साली, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या थोडंसं आधी.

आवाज थांबला आणि शोधही थांबला. प्रत्येक बिघाडात ठाण मांडून बसणाऱ्या या माणसाने इथे फक्त इंजिनाचं ऐकलं, असं माझं मत. दुसरीकडे न्यूयॉर्कला १९४५ मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी जी संस्था निघाली, तिच्या स्लोन-केटरिंग या नावातला केटरिंगही हाच. १९५८ च्या नोव्हेंबरात डेटनलाच तो गेला. त्या शहराशेजारी आज केटरिंग नावाचं गाव आहे.

तुमच्या गाडीकडे येऊ. शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून जंप स्टार्ट दिलात तर ती सुरू होईलही, पण प्रॅक्टिकल आटोपून आल्यावर मीटर पुन्हा लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय. साडेबाराच दिसत असतील तर उद्या सकाळी तोच घ्यँ आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसतेय? आधी मायनसची केबल काढा, मग प्लसची. खाण्याचा सोडा घातलेलं पाणी थोडंसं ओता, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, लावताना मायनस शेवटी. आणि प्रॅक्टिकलच्या आधी कँटीनमध्ये वडापाव खाणार असाल तर साबणाने हात स्वच्छ धुवा. त्या पुडीत शिसं असतं.