तारेविना हुकूम देणारा माणूस : निकोला टेस्ला

शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात आज रिमोटवर चालणारा रणगाडा सहज मिळतो. हौशी मंडळी मात्र तो नुसता पळवून समाधान पावत नाहीत. तोफेच्या नळीवर बोटाएवढा लेझर बसवायचा, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवरून तो चालू-बंद होईल अशी जोडणी करायची आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका नेमका कुठे पडतो ते पाहत स्क्रू पिळत बसायचे, हा अनेकांचा सुटीतला उद्योग असतो. लेझर नळीच्या थोडा वर असल्याने ठिपका आणि नेम एका ठराविक अंतरावरच तंतोतंत जुळतात. ते अंतर आधी ठरवावे लागते आणि प्रत्यक्ष पडताळूनही पाहावे लागते.

या लहानशा खटाटोपात दोन मोठ्या कल्पना एकत्र आल्या आहेत. एक, दूरच्या यंत्राला तारेविना हुकूम देणे आणि दुसरी, दूरच्या लक्ष्यावर सरळ रेषेत झोत रोखणे. पहिली कल्पना निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत साकार केली. दुसरीच्या मागे ते आयुष्याच्या अखेरीस लागले, पण ती त्यांच्या हाती आली नाही. यशाची आणि अपयशाची ही दोन टोके एकाच आयुष्यात कशी आली, हे पाहण्यासारखे आहे.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आणि आज क्रोएशियात असलेल्या स्मिल्यान या खेड्यात एका सर्ब कुटुंबात झाला. वडील धर्मोपदेशक होते. आई शिकलेली नव्हती, तरी घरकामाची लहानसहान अवजारे स्वतः तयार करीत असे. आपल्यातली संशोधक वृत्ती आईकडून आली, असे टेस्ला मानत. ग्राझ येथील तंत्रशिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. पुढे बुडापेस्टमध्ये काम करीत असताना १८८२ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्यांना सुचली. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणारी मोटार याच कल्पनेतून जन्माला आली. १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, काही महिने एडिसन यांच्या कारखान्यात राबले आणि मतभेदांनंतर बाहेर पडले. त्यानंतर खंदक खणण्याची मजुरीही त्यांना करावी लागली. १८८८ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी त्यांच्या पेटंटांचे हक्क घेतले आणि दिवस पालटले. १८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दिव्यांनी उजळले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. नौकेची कथा त्या मानाने मागे पडली.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युत प्रदर्शन भरले होते. तेथे पाण्याच्या हौदात टेस्ला यांनी काही फूट लांबीची एक लोखंडी नौका सोडली. ती बाहेरच्या कोणत्याही वस्तूला तारेने जोडलेली नव्हती. टेस्ला दूर उभे राहून एका पेटीवरचा खटका फिरवीत आणि नौका वळे, थांबे, तिचे दिवे लुकलुकत. प्रेक्षकांना गणित विचारायला सांगून नौकेच्या दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर देण्याची गंमतही त्यांनी केल्याचे सांगितले जाते. काहींना ती जादू वाटली, तर आत शिकवलेले माकड बसवले असावे असाही तर्क काहींनी लढवला. बिनतारी संदेशवहन स्वतःच त्या काळी बाल्यावस्थेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या तर्काचे हसू येणार नाही.

नौकेच्या पोटात विद्युतघट, पंखा फिरवणारी एक मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी मोटार आणि धातूची बारीक पूड भरलेली एक छोटी नळी होती. सामान्यतः या पुडीतून वीज वाहत नसे. रेडिओ लहर येऊन आदळली की पूड वाहक होई, मंडल पूर्ण होई आणि आतली चकती एक घर पुढे सरके. एका घरात सुकाणू डावीकडे, पुढच्यात थांबा, त्यापुढच्यात उजवीकडे, असा क्रम होता. लगेच ती नळी उलटवून पूड पुन्हा सैल केली जाई आणि यंत्र पुढच्या हुकमासाठी सज्ज होई. इतर संशोधक रेडिओ लहरींकडून निरोप पोहोचवत होते, टेस्ला यांनी त्यांच्याकडून काम करून घेतले. आजच्या खेळण्यातल्या रणगाड्याची सारी वंशावळ या एका पावलापाशी जाऊन थांबते.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांना ६,१३,८०९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. केवळ नौकाच नव्हे, तर कोणतेही फिरते वाहन दुरून चालवण्याची पद्धत त्यात समाविष्ट होती. दुसऱ्या कोणी लहरी सोडून यंत्र बहकवू नये म्हणून एकाहून अधिक लहरी एकदम आल्या तरच यंत्राने हलावे, अशी योजनाही त्यांनी पुढे पेटंटमध्ये मांडली.

अमेरिका आणि स्पेन यांच्यातले युद्ध त्याच वर्षी झाले होते. स्फोटकांनी भरलेली, माणूस नसलेली नौका शत्रूवर सोडता येईल, हे टेस्ला यांनी उघडपणे मांडले. पण त्यांची आशा वेगळी होती. असे शस्त्र प्रत्येकाच्या हाती आले की कोणतेही आरमार सुरक्षित राहणार नाही आणि युद्ध करणेच निरर्थक ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढे स्वतः निर्णय घेणारी यंत्रे येतील, असेही त्यांनी १९०० मधील लेखात लिहिले. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांनी मात्र ही कल्पना हसण्यावारी नेली. नौकेला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि पेटंटची मुदत तशीच संपली.

पुढचा काळ उताराचा होता. तारेविना संदेश आणि वीज जगभर पोहोचवण्यासाठी लाँग आयलंडवर १९०१ मध्ये त्यांनी मनोऱ्याचे काम सुरू केले. जे. पी. मॉर्गन यांनी दिलेले दीड लाख डॉलर संपले, आणखी मिळाले नाहीत आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडण्यात आला. दरम्यान मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश पाठवला होता आणि १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. टेस्ला हॉटेलांच्या खोल्यांत राहू लागले, बिले थकू लागली, कबुतरे हाच विरंगुळा उरला.

अशा अवस्थेत, १९३४ च्या वाढदिवशी, ७८ व्या वर्षी त्यांनी नवी घोषणा केली. अतिसूक्ष्म कणांना प्रचंड विद्युतदाबाने ढकलून त्यांचा झोत सोडता येईल आणि २५० मैलांवरून १० हजार विमाने पाडता येतील, असा त्यांचा दावा होता. वृत्तपत्रांनी त्याला मृत्युकिरण म्हटले. टेस्ला स्वतः मात्र हा प्रकाशकिरण नसून कणांचा झोत असल्याचे सांगत. याही वेळी हेतू युद्ध थांबवण्याचाच होता. अनेक राष्ट्रांपुढे त्यांनी योजना ठेवली, पण चालते यंत्र, निदान लहानसे प्रारूपसुद्धा, कोणाला दिसले नाही.

७ जानेवारी १९४३ रोजी, ८६ व्या वर्षी, न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३ व्या मजल्यावरील खोलीत त्यांचा मृत्यू झाला. युद्धाचे दिवस असल्याने सरकारने त्यांची कागदपत्रे ताब्यात घेतली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक जॉन ट्रम्प यांनी ती तपासली आणि त्यांत प्रत्यक्षात आणण्याजोगे शस्त्र नाही, बहुतांश चिंतन व तर्क आहेत, असा अभिप्राय दिला.

त्याआधीच सोव्हिएत सैन्याने १९३९-४० च्या फिनलंड युद्धात रेडिओवर चालणारे रणगाडे उतरवले होते. म्हणजे टेस्ला यांची पहिली कल्पना त्यांच्या हयातीतच रणांगणावर पोहोचली, पण युद्ध थांबले नाही. यंत्राविषयीचे त्यांचे भाकीत अचूक ठरले, माणसाविषयीचे चुकले. सैनिक दूर बसू लागला की लढाई अशक्य होत नाही, उलट ती सुरू करणे सोपे होते, हे ड्रोनच्या आजच्या काळात वेगळे सांगायला नको.

१९६० मध्ये दोन गोष्टी घडल्या. चुंबकीय प्रवाह घनतेच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले आणि कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढून दाखवला. या किरणाशी टेस्ला यांच्या कणझोताचा संबंध नव्हता, त्याचे सैद्धांतिक मूळ आइनस्टाइन यांच्या १९१७ मधील लेखनात होते. मात्र मेमन यांनी तो प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवला, म्हणून जगाने तो स्वीकारला. १८९८ मध्ये टेस्ला यांनीही तेच केले होते आणि हौदातल्या त्या छोट्या नौकेपुढे शंका घ्यायला जागा उरली नव्हती. १९३४ मध्ये त्यांच्यापाशी नाव मोठे होते, स्वप्नही मोठे होते, नव्हती ती फक्त पाण्यात सोडायला नौका.