खाशाबा जाधव : पदकामागची माणसं

१५ जानेवारी हा दिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. शाळेत परिपत्रक येतं, मैदानावर चुना पडतो, मुलं धावतात, दुपारी सगळं आटोपतं. हा दिवस कुणाच्या जन्माचा, असं विचारलं तर निम्म्या वर्गाला सांगता येत नाही. म्हणून या वेळी खाशाबांची कहाणी जरा सविस्तर सांगायची आम्ही ठरवलं. पदकाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. आम्हाला सांगायचं आहे ते त्या पदकाखाली ज्यांचे हात होते त्यांच्याविषयी.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरातच माती, घरातच वस्ताद. पोर पाच वर्षांचं झालं तेव्हाच बापाने त्याला लंगोट बांधून आखाड्यात उतरवलं. दादासाहेबांनी मुलाला ताकदीपेक्षा डाव शिकवला, हे पुढे फार कामाला आलं. खाशाबा अंगाने लहानखुरे, उंची साडेपाच फुटांच्या आसपास. अशा मुलाला कुणी नुसत्या जोर-बैठका काढायला लावल्या असत्या तर तो गावच्या जत्रेतल्या नारळाच्या कुस्तीपुरताच राहिला असता.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, शाळेत मराठी. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे कुस्तीची जागा. उर्दूतला उस्ताद मराठी मातीत आला आणि वस्ताद झाला. पैलवान, कुस्ती, खुराक हे शब्दही फारसीच्या वाटेनेच आपल्याकडे आले. शिकवणारा आणि लढायला लावणारा यांच्यासाठी एकच शब्द असावा, यात आमच्या मते बरंच काही आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तेव्हा पंजाबकडचे मुसलमान मल्लही तिथल्या मातीत उतरले आणि इथल्या पोरांनी त्यांचे डाव उचलले. खाशाबा ज्या परंपरेत वाढले ती अशी सगळ्यांच्या घामाची आहे.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, १९४० ते १९४७. ही वर्षं साधी नव्हती. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला होता. हायस्कूलच्या वयातल्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, चिठ्ठ्या-पत्रकं पोचवणं अशी कामं केली. तरी अभ्यास सोडला नाही. पैलवान म्हणजे डोक्याने जड, असा आपल्याकडे एक खुळा समज आहे. आमच्या बिरादरीतही तो भरपूर आहे. खेळणारा मुलगा वाया गेला असं मानून पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकणारे पालक आणि शिक्षक आम्ही रोज बघतो. खाशाबा मात्र दोन्हीकडे चालले. मॅट्रिकनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तिथे बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना घडवलं.

१९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे पहिली अडचण मॅटची. जन्म मातीत गेलेला, आंतरराष्ट्रीय नियमांची पुरती ओळख नाही. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीची शिकवण दिली. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लाला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीपुढे हार पत्करली आणि सहावे आले. गावातून निघालेल्या बावीस वर्षांच्या पोराने पहिल्याच खेपेला सहावा नंबर मिळवणं ही लहान गोष्ट नव्हती. पण परत आल्यावर खाशाबा हारतुऱ्यांत रमले नाहीत. पुढची चार वर्षं वरच्या वजनगटासाठी घाम गाळला.

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडमध्ये हेलसिंकीला होतं. निवडीत खाशाबांवर अन्याय झाला. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे ठेवण्यात आलं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. त्यांनी निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावून दिली. खाशाबांनी ती चीतपट मारली आणि नाव पक्कं झालं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने नुसतं ऐकून घेतलं, तरी एखाद्याचं आयुष्य वळतं.

नाव पक्कं झालं, पण पैसा कुठे होता? सरकारदरबारी खेटे घालून बऱ्याच उशिराने जेमतेम चार हजार रुपये पदरात पडले. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. दुकानदारांनी दिलं, शेतकऱ्यांनी दिलं. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे करून विद्यार्थ्याच्या हातात दिले.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या जागी थोडं थांबतो. विद्यार्थ्याला वही घेऊन देणं, परीक्षेची फी भरणं, एसटीचा पास काढून देणं हे बरेच शिक्षक गुपचूप करतात. मार्गासनीसारख्या गावात तर करावंच लागतं. राजगडाच्या पायथ्याची पोरं पाय घट्ट घेऊनच जन्माला येतात, पहाटे वेल्ह्याच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात, पण तालुक्याच्या पुढच्या स्पर्धेला न्यायचं म्हटलं की गाडीभाड्यापासून सुरुवात. तेव्हा चार जणांनी मिळून भार उचलायचा असतो. पण राहतं घर? मुलगा हरला असता तर? आपल्या दीनमध्ये कर्ज-ए-हसना आहे, व्याज आणि फायदा न बघता गरजवंताला दिलेलं कर्ज. खर्डेकर सरांनी केलं ते आमच्या लेखी त्याच जातीचं काम. मात्र दुसरी बाजूही बोलली पाहिजे. देशाचा खेळाडू पाठवायला एका मास्तराचं घर गहाण पडावं, हा त्या मास्तराचा मोठेपणा आहे आणि बाकी सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे. आपण पहिली बाजू कौतुकाने सांगतो आणि दुसरी गिळून टाकतो.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण मिळालं, अझरबैजानच्या रशीदला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. एक दमवणारी लढत संपते न संपते तोच त्यांना दुसरीसाठी उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला भारताचा कुणी अधिकारी जागेवर नव्हता, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या सगळ्यांनी नोंदवलं आहे. घर गहाण ठेवणारा हजारो मैल लांब कोल्हापुरात होता, आणि ज्यांचं कामच तिथे हजर राहण्याचं होतं ते गैरहजर.

तरीही स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरलं. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ साली लिअँडर पेसने आणलं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं थांबावं लागलं, २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हा.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, फटाके, काही मिनिटांचा रस्ता संपायला कित्येक तास लागले. ज्यांनी आठ आणे, रुपया वर्गणी दिली होती ती माणसं त्या रस्त्यावर उभी होती. पण आम्हाला त्या मिरवणुकीपेक्षा नंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. माणसांचा एहसान मानणं हा अल्लाहचं शुक्र अदा करण्याचाच भाग आहे, असं आपण मुलांना शिकवतो. खाशाबांनी तो एहसान मानला तो आखाड्यात उतरून, घाम गाळून. सभेत शाल देऊन भागवलं नाही.

१९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यातर्फे लढले, पोरांना शिकवलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं, शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं.

जिवंतपणी जे मिळालं नाही ते नंतर थोडंथोडं आलं. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. पद्म पुरस्कार अजून नाही, त्याची मागणी कराडकर अधूनमधून करत असतात.

मार्गासनीहून सकाळी लवकर निघालं, नसरापूरपुढे हायवेला लागून खंबाटकी आणि सातारा ओलांडलं, की दुपारच्या आत कराड येतं. गोळेश्वर तिथून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. पुढची शैक्षणिक सहल नेहमीच्या ठिकाणाऐवजी तिकडे काढावी, असं आम्ही शाळेत सुचवलं आहे.