फाउस्तो कॉप्पी : शर्यत, राजा आणि देश

सायकलच्या शर्यतीवरून एखाद्या देशाचे दोन तट पडू शकतात, हे आपल्याला सांगूनही पटत नाही. आपल्याकडे असे वाद होतात ते क्रिकेटवरून. चांगला कर्णधार कोण, यावर आमच्या मेसमध्ये किती बोलणे होते, ते वाढणाऱ्या काकांना विचारा! पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत कॅफेत, न्हाव्याच्या दुकानात आणि कारखान्याच्या दारात माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारत. तू बार्तालीकडचा की कॉप्पीकडचा? उत्तरावरून लोक त्या माणसाचे मत, धर्म आणि पक्षसुद्धा ठरवून टाकत.

या दोघांपैकी मी फाउस्तो कॉप्पीवर लिहिणार आहे. तो जगातील सर्वांत मोठ्या सायकलपटूंपैकी एक होता, हे एक कारण. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. तो सैनिक होता आणि युद्धकैदीही होता. आपली निष्ठा नक्की कोणाशी, हा प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा आला. आपल्यालाही उद्या गणवेश घालायचा आहे, म्हणून तो प्रश्न आपलाही आहे.

कॉप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरावरील लहानशा गावात झाला. घर शेतकऱ्याचे. पाच भावंडांत तो चौथा. शाळा लवकर सुटली आणि तो नोव्ही लिगुरे येथे खाटकाच्या दुकानात कामाला लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवायचा, हे त्याचे काम. त्या चढउतारांच्या रस्त्यांवरच त्याचे पाय तयार झाले. बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी पैसे दिले आणि त्याला शर्यतीची सायकल मिळाली. नोव्ही लिगुरेमध्येच त्याला बियाजो कावान्ना नावाचे प्रशिक्षक भेटले. ते अंध होते. स्नायू हाताने चाचपून ते माणसाची ताकद ओळखत. दिसायला कॉप्पी किडकिडीत, लांब पायांचा आणि पुढे आलेल्या छातीचा होता. सायकलवर बसला की मात्र तो वेगळाच माणूस वाटे.

१९४० साली त्याला लेन्यानो संघात जागा मिळाली. संघाचा नायक होता जीनो बार्ताली. त्याने तोपर्यंत इटलीची मोठी शर्यत, जीरो दि'इटालिया, दोन वेळा आणि फ्रान्सची टूर एकदा जिंकली होती. नायकासाठी राबणाऱ्या साथीदाराला इटालियन भाषेत ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. त्याने पुढे राहून नायकासाठी वारा अडवायचा, त्याला पाणी आणून द्यायचे आणि वेळ पडली तर स्वतःच्या सायकलचे चाकही काढून द्यायचे. कॉप्पी असा ग्रेगारिओ म्हणून जीरोत उतरला. पण सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला आणि मागे राहिला. पुढे डोंगरात कॉप्पीने आघाडी घेतली. मग नायकच आपल्या साथीदारासाठी राबला. ९ जून १९४० रोजी मिलान येथे कॉप्पीने जीरो जिंकली. तेव्हा तो अवघा २० वर्षांचा होता. त्याच्याहून लहान वयाचा विजेता त्या शर्यतीला अजून मिळालेला नाही.

दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, इटली महायुद्धात उतरली.

कॉप्पी पायदळात दाखल झाला. त्या काळी इटलीच्या सैनिकाची शपथ राजाशी एकनिष्ठ राहण्याची असे. लष्करात असतानाच ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या विगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रम केला. शहरावर बॉम्बहल्ले होत होते आणि सराव फारसा झालेला नव्हता. तरीही त्याने तासाभरात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापले. आधीचा विक्रम ४५.७६७ किलोमीटरचा होता. म्हणजे फरक फक्त ३१ मीटरचा! पण तो विक्रम १९५६ पर्यंत टिकला.

त्यानंतर त्याला आफ्रिकेच्या आघाडीवर पाठवले गेले. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला. तो कैदेत असतानाच सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा रोम सोडून दक्षिणेला निघून गेला. सैन्याला स्पष्ट हुकूम मिळालेच नाहीत. लाखो इटालियन सैनिक जर्मनांच्या कैदेत गेले. ज्याच्या नावाने शपथ घेतली तोच निघून गेला, तर सैनिकाने काय करायचे? हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ विचार करत बसलो.

१९४५ च्या सुरुवातीला कॉप्पी इटलीत परतला आणि नेपल्सजवळ कासेर्ता येथे ब्रिटिशांच्या छावणीत काम करू लागला. त्या वेळी त्याच देशात आपले मराठा जवानही लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात प्राणार्पण केले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शौर्य गाजवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची शपथही एका राजाच्याच नावाने होती, आणि तो राजा तर आपल्या देशाचाही नव्हता. पण ते आपल्या पलटणीसाठी आणि शेजारच्या जवानासाठी लढले, असे मला वाटते.

कॉप्पीकडे तेव्हा सायकलही नव्हती. वर्तमानपत्रात आवाहन छापून आले आणि एका सुताराने आपली सायकल त्याला देऊन टाकली. १९ मार्च १९४६ रोजी मिलान ते सान रेमो ही जवळजवळ २९० किलोमीटरची शर्यत त्याने १४ मिनिटांच्या फरकाने जिंकली. दुसरा येईपर्यंत वेळ भरून काढण्यासाठी रेडिओवर संगीत लावावे लागले, असे सांगतात.

आता बार्ताली आणि कॉप्पी वेगळ्या संघांत होते. बार्ताली लेन्यानोत राहिला आणि कॉप्पी बियांकीत गेला. त्याच वर्षी २ जूनला राजा हवा की प्रजासत्ताक, यावर इटलीत सार्वमत झाले. राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख मते पडली आणि राजाला सुमारे १ कोटी ७ लाख. उत्तरेने राजाला नाकारले. दक्षिणेने, विशेषतः नेपल्सने, त्याला भरभरून मते दिली. १३ जूनला नवा राजा उम्बेर्तो दुसरा देश सोडून गेला आणि १५ जूनला मिलानहून जीरो सुरू झाली! पूल उडालेले, रस्ते उखडलेले, आणि अर्धा देश उरलेल्या अर्ध्यावर रुसलेला. अशा देशातून सायकली निघाल्या.

लोकांनी आपापले भांडण या दोघांच्या पाठीवर लादले ते याच काळात. बार्ताली अत्यंत धार्मिक होता. त्यामुळे चर्चला मानणारे, जुने ते जपावे असे म्हणणारे, राजा गेल्याने हळहळणारे पुष्कळ लोक त्याला आपला मानत. जुने मोडून नवे घडवू पाहणारे, कारखान्यांतील कामगार आणि डाव्या विचारांचे लोक कॉप्पीच्या बाजूला गेले. कॉप्पीने त्यांना बोलावले नव्हते. तो मुळातच कमी बोलणारा. शिवाय हा हिशेब नकाशावर जुळतही नाही. राजाचे सव्हॉय घराणे ज्या पीडमाँटमधून पुढे आले तो कॉप्पीचा प्रांत, आणि बार्तालीच्या टस्कनीने तर प्रचंड बहुमताने प्रजासत्ताक निवडले होते. चाहते सायकलपटूंवर बोलत होते, पण भांडण त्यांचे स्वतःचे होते.

ती जीरो बार्तालीने जिंकली. कॉप्पी अवघ्या ४७ सेकंदांनी मागे राहिला. त्याच शर्यतीत त्रिएस्ते शहराकडे जाताना पिएरिस येथे सायकलपटूंवर दगडफेक झाली, कारण ते शहर इटलीचे की युगोस्लाव्हियाचे, हा वाद पेटलेला होता. तरी १७ जण पुढे गेले आणि त्रिएस्तेचाच जोर्दानो कोत्तुर तिथे पहिला आला. आपल्या गावात आपल्या देशाची शर्यत येणे ही किती मोठी गोष्ट असू शकते, हे मला त्यावरून कळले.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत इटलीचे सायकलपटू निळी जर्सी घालतात. हा निळा रंग सव्हॉय राजघराण्याचा. राजा गेला, झेंड्यावरचे त्याचे चिन्हही गेले, पण जर्सीचा रंग तोच राहिला. तो आता देशाचा झाला होता. आज आपला सैनिक राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो, कोणा एका माणसाशी नाही. निष्ठा माणसाकडून देशाकडे कशी जाते, हे त्या निळ्या जर्सीत दिसते.

पण जर्सी घातली म्हणून निष्ठा येतेच असे नाही. १९४८ च्या विश्वविजेतेपदाची शर्यत हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ख येथे होती. दोघेही इटलीकडून उतरले. सायकलिंगमध्ये पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याला वारा कमी लागतो. म्हणून जो पुढे जाऊन ताकद लावेल त्याचा फायदा मागच्याला होतो. आपण राबायचे आणि दुसऱ्याने जिंकायचे, हे दोघांनाही नको होते. ते एकमेकांवर नजर ठेवत मागे मागे राहिले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडून दिली. बेल्जियमचा ब्रिक स्खोटे जिंकला. इटलीच्या सायकलिंग महासंघाने दोघांनाही काही काळ निलंबित केले. माझ्या मते ते योग्यच केले. दुसऱ्याकडून हरणे हा गुन्हा नव्हे, पण दुसरा जिंकू नये म्हणून आपणही न लढणे हा देशाशी केलेला दगा आहे. आमच्याकडे हाऊसच्या क्रॉस कंट्रीत मुले एकमेकांना पाण्याची बाटलीसुद्धा देत नाहीत. तीच मुले शाळेच्या संघातून धावतात तेव्हा दमलेल्याला मध्ये घेऊन पळतात. तसे न करणाऱ्याला संघात जागा मिळत नाही.

पुढच्याच वर्षी त्याची भरपाई झाली. १९४९ ची जीरो कॉप्पीने जिंकली. तिच्यातील कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या टप्प्यात तो पाच घाट ओलांडत १९२ किलोमीटर एकटाच पुढे होता. बार्ताली जवळजवळ १२ मिनिटांनी आला. लगेच फ्रान्सची टूर होती, आणि तिथे तेव्हा देशांचे संघ उतरत. इटलीचे प्रशिक्षक आल्फ्रेदो बिंदा हे स्वतः मोठे सायकलपटू होते. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांविरुद्ध न लढण्याचे कबूल करून घेतले. पाचव्या टप्प्यात कॉप्पी पडला आणि सायकल मोडली. त्याला हवी ती दुसरी सायकल वेळेवर मिळाली नाही. चिडून तो शर्यत सोडायलाच निघाला होता. बिंदांनी त्याला कसेबसे थांबवले. तोवर तो पहिल्यापेक्षा ३६ मिनिटांहून जास्त मागे पडला होता.

मग आल्प्स पर्वत आला. १८ जुलै हा बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. इझोआरच्या घाटातून दोघे आळीपाळीने वारा अडवत एकत्र चढले. ब्रियाँसाँ येथे कॉप्पीने बार्तालीला पुढे जाऊ दिले आणि आघाडीवीराची पिवळी जर्सी बार्तालीला मिळाली. दुसऱ्या दिवशी बार्तालीचे चाक पंक्चर झाले आणि तो पडलाही. कॉप्पी त्याच्यासाठी थांबला. बिंदांनी परवानगी दिल्यावरच तो सुटला. टूर कॉप्पीने जिंकली आणि जवळजवळ ११ मिनिटांनी दुसरा आला बार्ताली. एकाच वर्षात जीरो आणि टूर जिंकणारा कॉप्पी हा पहिलाच.

१९५१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून मरण पावला. त्या दुःखातून उठून १९५२ साली त्याने पुन्हा जीरो आणि टूर दोन्ही जिंकल्या. त्याच टूरमधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. घाट चढताना दोघांच्या हातात पाण्याची एकच बाटली आहे. ती कोणी कोणाला दिली, यावर इटलीत अजूनही वाद होतो. बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली, एवढे मला पुरेसे वाटते.

१९५३ मध्ये कॉप्पीने पाचवी जीरो जिंकली आणि तो विश्वविजेताही झाला. पण लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसाला लोकच खाली आणतात. विवाहित असूनही तो दुसऱ्या विवाहित स्त्रीबरोबर राहू लागला. तेव्हा इटलीत घटस्फोटाचा कायदा नव्हता. १९५५ मध्ये त्याच्यावर खटला चालून शिक्षा झाली आणि जयजयकार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पाठ फिरवली. १९५९ च्या डिसेंबरमध्ये तो आफ्रिकेत अपर व्होल्टा देशात गेला आणि मलेरिया घेऊन परतला. रोगाचे निदान वेळेवर झाले नाही. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथे वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी तो गेला. बार्ताली मात्र २००० सालापर्यंत जगला. युद्धकाळात त्याने ज्यू लोकांचे प्राण वाचवण्यास मदत केली होती. इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्याचा मरणोत्तर गौरव केला. म्हणजे चाहते ज्याला फक्त चर्चचा माणूस समजत होते, त्याची निष्ठा त्यांच्या कल्पनेपेक्षा मोठी निघाली.

आपल्या हाऊसचा, आपल्या राज्याचा, आपल्या आवडत्या खेळाडूचा अभिमान जरूर असावा. कॉप्पीलाही बार्तालीला हरवायचेच होते, आणि त्याने त्याला पुष्कळदा हरवले. पण दोघांचा रस्ता एक झाला तेव्हा तो त्याच्यासाठी थांबला. कास्तेल्लानिया गावाचे नाव २०१९ पासून कास्तेल्लानिया कॉप्पी असे झाले आहे. त्या गावाला जाणारा रस्ता आजही चढाचा आहे.